'भारतावर ५० टक्के टॅरिफ': हा कर नेमका कोणावर?

प्रश्न

टॅरिफ, आयातशुल्क, आयातकर, जकात, कस्टम ड्युटी हे सगळे शब्द एकाच बातमीत वाचायला मिळतात. ते एकाच अर्थाचे का? ऑगस्ट २०२५ मध्ये तर 'अमेरिकेने भारतावर ५० टक्के कर लादला' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते बरोबर आहे का? आणि 'क्रोनी कॅपिटॅलिझम'साठी, म्हणजे सत्ताधारी आणि त्यांच्या जवळचे उद्योगपती यांच्या संगनमतावर चालणाऱ्या भांडवलशाहीसाठी, 'कुडमुडी भांडवलशाही' म्हणावं का?

उत्तर

आयातशुल्क, आयातकर आणि कस्टम ड्युटी व्यवहारात एकच. 'सीमाशुल्क' हे सरकारी नाव, त्यात निर्यातीवरचं शुल्कही येतं. टॅरिफ म्हणजे मुळात दरांची यादी, म्हणून विजेच्या दरपत्रकालाही टॅरिफच म्हणतात. अरबी 'तअरीफ' म्हणजे माहिती देणं. ते इटालियनमार्गे टॅरिफ झालं आणि फारसीमार्गे आपल्याकडे 'तारीफ' होऊन आलं. 'जकात' मात्र इथे नको. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, पण नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा लोकांना आठवतात. जकात म्हटलं की शहराची वेस डोळ्यांपुढे येते, देशाची सीमा नाही.

माझा खरा आक्षेप आहे तो 'भारतावर' या शब्दाला. अमेरिकेचं सरकार भारताकडून एक पैसाही वसूल करत नाही. सोलापूरचे टॉवेल तिकडच्या बंदरात उतरले की शुल्क भरतो तिथला आयातदार, तिथल्याच सीमाशुल्क खात्याकडे. त्यामुळे 'भारतीय मालावर' असंच लिहायला हवं. 'भारतावर' म्हटलं की दंड आपल्याला झाला आणि तिथल्या माणसाच्या खिशाला तोशीस नाही, असं वाटतं. परदेशी लोक आमच्या तिजोरीत पैसे भरतात, हा तर ट्रम्प यांच्या प्रचाराचाच मुद्दा. आपले मथळे नकळत तोच प्रचार पुढे नेतात.

याचा अर्थ आपलं नुकसान नाही असा मुळीच नाही. भरणा कोण करतो आणि भार कोणावर पडतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. आयातदार आपला नफा कमी करेल, गिऱ्हाइकाकडून जास्त घेईल, सोलापूरच्या कारखानदाराकडे भाव तोडून मागेल किंवा ऑर्डरच रद्द करेल. मालाप्रमाणे हा भार कमीजास्त वाटला जातो.

२०१८ चं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं गेलं. फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा नंतर अभ्यास केला. वॉशिंग मशीन सुमारे ८६ डॉलरनी महागलं. पण कपडे वाळवायचा ड्रायरही ९२ डॉलरनी महागला, आणि ड्रायरवर शुल्क नव्हतंच! तिथे दोन्ही यंत्रं जोडीनं विकली जातात, म्हणून कंपन्यांनी वाढ दोन्हीकडे वाटून टाकली. अमेरिकेत बनणाऱ्या यंत्रांचेही भाव चढले, कारण स्पर्धकाचा माल महाग झाल्यावर स्वस्त विकायचं कोणी कशाला? सुमारे १८०० नवे रोजगार मिळाले हे खरं. पण त्यातल्या प्रत्येक रोजगारामागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला साधारण ८ लाख १५ हजार डॉलर गेले.

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

मी इथे चादरी आणि टॉवेल आणून विकतो, म्हणून सांगतो. माल आला की कस्टम्स ब्रोकर फॉर्म ७५०१ भरतो. त्यावर मालाचा वर्गीकरण क्रमांक, किंमत, नेहमीचं शुल्क आणि त्याखाली वेगळ्या ओळींत ही नवी शुल्कं येतात. २७ ऑगस्ट २०२५ पासून फेब्रुवारी २०२६ पर्यंत अशा दोन ओळी होत्या, पंचवीस टक्के आणि पंचवीस टक्के. दुसरी ओळ भारताच्या रशियन तेलखरेदीबद्दलची. म्हणजे तेल घेतलं रिफायनरीनं आणि पैसे भरायचे टॉवेल आणणाऱ्यानं. आम्हा व्यापाऱ्यांच्या बोलण्यात 'ड्युटी' हाच शब्द असतो, टॅरिफ टीव्हीवर ऐकतो.

उत्तर

या दोन ओळींना लागून तिसरा शब्द येतो: 'सूट'. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच.

२ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जवळपास साऱ्या जगाच्या मालावर शुल्क जाहीर केलं. ११ एप्रिलला स्मार्टफोन आणि संगणक त्यातून वगळले गेले. ६ ऑगस्टला ॲपलचे टिम कुक व्हाइट हाउसमध्ये गेले, अमेरिकेत आणखी १०० अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं आणि सोन्याच्या बैठकीवर बसवलेली काचेची तबकडी अध्यक्षांना भेट दिली. त्याच वेळी ट्रम्प म्हणाले, चिपवर १०० टक्के शुल्क लावू, पण अमेरिकेत कारखाने उभारणाऱ्यांना ते लागणार नाही. भारतात जुळलेले आयफोन त्या ५० टक्क्यांतून सुटले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने आणि सोलापूरचे टॉवेल सुटले नाहीत.

शुल्क जितकं जास्त, तितकी सूट मौल्यवान. आणि ती मागायला ज्याला थेट अध्यक्षांच्या दालनात जाता येतं, त्यालाच ती मिळण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे याला 'वशिला' म्हणतात आणि तो शब्द इथे चपखल बसतो. अमेरिकेच्या संविधानानं आयातशुल्क लावण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. संसदेतल्या उघड चर्चेऐवजी एका माणसाच्या सहीवर दर ठरू लागले की वशिल्याचा भाव वाढणारच. वशिला नसलेल्या छोट्या दुकानदाराच्या वाट्याला फक्त फॉर्म ७५०१ येतो, याची मला चीड येते.

पण वशिला म्हणजे हुकूम नव्हे. इलॉन मस्क यांनी २०२४ च्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर अशा खर्चाला मर्यादाच उरलेली नाही. सरकारी खर्च कापण्याचं काम त्यांच्याकडे आलं. तरीही शुल्कांना त्यांनी उघड विरोध केला आणि तो चालला नाही. म्हणून 'सरकार अब्जाधीश चालवतात' हे विधान मला सैल वाटतं. 'अब्जाधीशांचं ऐकून घेतलं जातं' हे जास्त अचूक.

प्रतिसाद (यवतमाळ)

सूट आपल्याकडेही असते. अमेरिकेचं शुल्क वाढताच केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीचे दिवस. निर्यात करणाऱ्या कापड उद्योगाला आधार हवा होता हे मान्य, पण परदेशी गाठी स्वस्त झाल्या की जिनिंगवाला आम्हाला कमी भाव सांगतो. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ मध्ये क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो मिळायला सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नंबर लागावा लागतो आणि ओलावा मर्यादेत बसावा लागतो. कर्जमाफीसाठी आम्ही याद्या, आधार, अंगठे करत फिरतो. शुल्कमाफी एका अधिसूचनेत होते.

उत्तर

'माफी' शब्दाचे हे दोन वापर शेजारी ठेवल्याबद्दल आभार. 'भार कोणावर' याचं उत्तर इथे आहे: अमेरिकेतल्या शुल्काचा एक वाटा यवतमाळच्या शेतातही पोचला.

राहिला 'कुडमुडी'चा प्रश्न. हा शब्द रूढ होतो आहे, पण तो वापरू नये असं मला वाटतं. कुडमुडे जोशी ही दारोदार फिरून भविष्य सांगणारी भटकी जमात. हातातल्या छोट्या वाद्यावरून तिला हे नाव पडलं, आणि लोकांनी 'कुडमुडी'ला 'अर्धवट, नकली' असा अर्थ चिकटवला. क्रोनी भांडवलशाही अर्धवट नसते, नकली तर नसतेच. ती चांगली मुरलेली असते. शिवाय देशोदेशीच्या धनाढ्यांच्या दोषाला गरिबातल्या गरिबाचं नाव कशाला? 'साटेलोट्याची भांडवलशाही' हा पर्याय रुळलेला आहे. साटंलोटं म्हणजे देवाणघेवाणीची सोयरीक, तू मला दे, मी तुला देतो. त्यात दोन्ही बाजू दिसतात, घेणारा आणि देणाराही. 'धनदांडगे' बोलण्यात चालेल, पण लेखात 'अब्जाधीश' बरा, आणि जिथे नाव माहीत आहे तिथे सरळ नाव लिहावं.