अ‍ॅड्रिनलिनने हृदय सुरू होतं, पण माणूस वाचतो का?

ठोका: कार्डियाक अरेस्टमध्ये (हृदय अचानक बंद पडतं तेव्हा) दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिग्रॅ अ‍ॅड्रिनलिन, हे सगळ्यांना पाठ असतं. ब्रिटनमधल्या पॅरामेडिक-२ चाचणीत (निकाल २०१८) हॉस्पिटलबाहेर कोसळलेले आठ हजारांवर रुग्ण होते. ३० दिवसांनी जिवंत: अ‍ॅड्रिनलिन दिलेले ३.२ टक्के, नुसतं सलाईन दिलेले २.४. मेंदू धड राहिलेले मात्र २.२ विरुद्ध १.९, म्हणजे धरण्याजोगा फरक नाही. वाचलेल्यांपैकी मेंदूची गंभीर हानी झालेले: औषधवाल्यांत ३१ टक्के, सलाईनवाल्यांत १७.८. माझ्या मते छाती दाबणं आणि विजेचा शॉक हेच खरे उपचार, अ‍ॅड्रिनलिन शोभेपुरतं.

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी: शोभेपुरतं? अहो, त्या चाचणीत फोन आल्यापासून औषध शिरेत जाईपर्यंत साधारण २१ मिनिटं गेली होती. तोवर मेंदूचं व्हायचं ते होऊन जातं. वॉर्डात हे काम दोन-तीन मिनिटांत होतं, तिथे हा निकाल जसाच्या तसा कसा लावणार? शिवाय मॉनिटरवर सरळ रेघ (हृदयात विद्युत हालचालच नाही) असेल तर शॉक देता येत नाही, मग हातात उरतं काय? अ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिन्या आवळतं, महाधमनीतला दाब वाढतो आणि छाती दाबताना हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं. सरळ रेघेत ते लगेच द्या. व्हीएफमध्ये (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा) आधी शॉक: अमेरिकन पद्धतीत दुसऱ्या शॉकनंतर अ‍ॅड्रिनलिन, युरोपियन पद्धतीत तिसऱ्यानंतर.

ठोका: सरळ रेघेचं मान्य. पण हृदयाला मिळालं म्हणजे मेंदूला मिळालं असं नाही, बारीक वाहिन्या आवळल्या जातातच. व्हीएफमध्ये तर हृदयाची ऑक्सिजनची भूकही वाढते.

ट्रॉली_इनचार्ज: तुमचं चालू द्या. कित्येकदा औषध हृदयापर्यंत पोचतच नाही, त्यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडचं अँप्यूल १ मिलीत १ मिग्रॅ. मनगटाच्या शिरेत तेवढंच ढकललं तर ते हातातच राहतं. मागोमाग २० मिली सलाईन जोरात द्या, हात १०-२० सेकंद वर धरा आणि छाती दाबणं थांबवू नका, कारण रक्त पुढे सरकतं ते त्याच्याच जोरावर. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम एका लाइनीत एकापाठोपाठ दिलंत तर साका धरतो, मध्ये लाइन धुवा. आणि सरळ रेघेला अ‍ॅट्रोपिन देणं २०१० मध्येच उपचारांच्या नियमावलीतून गेलं, तरी हात तिकडे जातोच!

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी: अ‍ॅमिओडॅरोन (ठोक्यांची लय ताळ्यावर आणणारं औषध) व्हीएफमध्ये ठरल्या वेळीच द्यायचं. तिसऱ्या शॉकनंतर ३०० मिग्रॅ, म्हणजे १५० ची दोन अँप्यूल, पुढे गरज पडली तर १५०. मात्र टोर्साद (क्यूटी लांबल्याने होणारी जलद, धोकादायक लय; क्यूटी म्हणजे ईसीजीतलं एक अंतर) असेल तर अ‍ॅमिओडॅरोन क्यूटी आणखी लांबवतं, तिथे मॅग्नेशियम २ ग्रॅम.

ठोका: त्याचाही फायदा मोजकाच. २०१६ च्या चाचणीत अ‍ॅमिओडॅरोन, लिडोकेन (त्याच कामाचं दुसरं औषध) आणि सलाईन यांत एकूण जगण्यात ठोस फरक दिसला नाही.

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी: पूर्ण वाचा की. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेल्यांत दोन्ही औषधं सलाईनपेक्षा सरस ठरली.