एक्स, वाय, झेड तिन्ही अक्षरं असलेला इंग्रजी शब्द शोधायचा कसा?

कोडेग्रस्त
मंडळी, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका दर रविवारी इंग्रजी शब्दांचं कोडं टाकतात, रिटायर्ड हेडमास्तर आहेत त्यामुळे नियम एकदम कडक. या वेळी दिलंय की एक्स, वाय आणि झेड तिन्ही असलेला शब्द सांगा, क्रम कुठलाही, मधे बाकीची कितीही अक्षरं आली तरी चालतील, पण डिक्शनरीत पाहिजे आणि विशेषनाम नको. ती अक्षरं टाकली की शब्द देणाऱ्या साइट असतात ना, तिथे एक्सवायझेड टाकलं तर ढिम्म काही येत नाही. मग सोबत ए ई आय ओ पण टाकून बघितलं तर झॅक्स वगैरे तीन अक्षरी काहीतरी देते (झॅक्स म्हणे! कोण बोलतं हो असं) पण तिन्ही अक्षरं एकत्र कशातच नाहीत. नुसतं उत्तर नको, पद्धत सांगा, कारण पुढच्या रविवारी परत आहेच.

आडवेउभे
साइट बरोबर आहे, तिला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. त्या बहुतेक साइट स्क्रॅबलवाल्यांसाठी बनवलेल्या असतात. स्क्रॅबलमधे हातात ७ टाइल असतात आणि त्यातूनच शब्द जुळवायचा असतो, म्हणून साइट "फक्त या अक्षरांतून काय काय बनतं" एवढंच बघते. तुमच्या काकांचं उलटं आहे, त्यांना "ही अक्षरं आत पाहिजेतच, बाकी काहीही असू दे" असं हवंय. तिसरा प्रकार अ‍ॅनाग्रॅमचा, सगळी अक्षरं वापरायची, कमी नाही जास्त नाही. कुठलीही साइट उघडलीत की आधी बघा की ती यातलं नेमकं काय करते. "कंटेन्स" असा वेगळा रकाना असेल तर तिथे टाका, वरच्या मोठ्या चौकटीत नको.
आणि स्टार (म्हणजे "इथे कितीही, कुठलीही अक्षरं") वापरून शोधणाऱ्या डिक्शनऱ्या असतात तिथे एक गोम आहे. स्टार एक्स स्टार वाय स्टार झेड स्टार असं टाकलं तर त्याच क्रमाने येणारे शब्द मिळतात. तीन अक्षरांचे क्रम ६ होतात, म्हणजे सहा वेळा शोधायला लागणार. काकांनी चार अक्षरं दिली तर २४, मग बसा.

टर्मिनलवासी
सहा वेळा कशाला? शब्दांची यादी डाउनलोड करायची, एनेबल नावाची फुकट यादी मिळते, पावणेदोन लाखाच्या आसपास शब्द आहेत, कॉपीराइटची भानगड नाही. लिनक्स किंवा मॅक असेल तर टर्मिनलमधे ग्रेप एक्स (ग्रेप म्हणजे दिलेलं अक्षर असलेल्या ओळीच ठेवणारी कमांड), त्याचं आउटपुट पाइप करून, म्हणजे पुढच्या कमांडला देऊन, ग्रेप वाय, परत पाइप करून ग्रेप झेड. पहिली चाळणी एक्स नसलेले सगळे उडवते, उरलेल्यातून वाय नसलेले, मग झेड नसलेले, क्रमाचा प्रश्नच येत नाही. फक्त तेच अक्षर दोनदा हवं असेल तर (पिझ्झातले दोन झेड) ग्रेप झेड दोनदा लावून काही होत नाही, एकाच पॅटर्नमधे झेड, टिंब, स्टार, झेड असं लिहावं लागतं (टिंब-स्टार म्हणजे मधे काहीही).
एक्सेलवाल्यांनी यादी ए कॉलममधे टाकायची, शेजारच्या कॉलममधे सर्च या फंक्शनच्या आत महिरपी कंसात तिन्ही अक्षरं, प्रत्येक अवतरणचिन्हात, त्यापुढे शब्दाचा सेल, आणि बाहेरून काउंट हे फंक्शन. उत्तर ३ आलं की शब्द पास, मग फिल्टर मारा. फाइल जरा जड होईल पण चालते.

गोळीवाली
एवढं कशाला, मी मेडिकलमधे बसते, मला वाचल्या वाचल्या आठवलं. हायड्रॉक्सिझिन! एच वाय डी आर ओ एक्स वाय झेड आय एन ई. अंगाला खाज सुटली की डॉक्टर देतात ती गोळी, झोप येते तिने.

आडवेउभे
वा! आणि ताईंनी नकळत पद्धतच सांगितली बघा. यादी हाताशी नसेल तर सगळ्यात दुर्मिळ अक्षरं पकडायची आणि ती एकत्र कुठल्या गल्लीत राहतात ते आठवायचं. एक्स आणि वाय शेजारी शेजारी म्हटलं की ऑक्सी, म्हणजे केमिस्ट्री. झेड हवा तर शेवटी आयझेडई लावता येतो का बघायचं. ऑक्सिजनाइज झालाच की, ऑक्सिडायझेबिलिटी पण. शरीरशास्त्रात झायगोमॅक्सिलरी आहे, गालाचं हाड आणि वरचा जबडा.
पण आपल्याकडे शाळेत आयएसई शिकवतात, त्यामुळे हेडमास्तर ऑक्सिजनाइजमधला झेड बघून "अमेरिकन स्पेलिंग" म्हणून उडवतील. त्यांना सांगा की ऑक्सफर्डची डिक्शनरी स्वतः ऑर्गनाइजला झेड लावते.

रिकामटेकडा
याच धर्तीवर पाचही स्वर असलेला छोटा शब्द विचारा त्यांना, सिकोया (एस ई क्यू यू ओ आय ए, एक झाड), ७ अक्षरांत पाच स्वर. स्वर ओळीने हवे असतील तर फसीशस, एफ ए सी ई टी आय ओ यू एस. आणि क्यू आहे पण यू नाही असं विचारलं तर आपल्याला सोपं, फकीर आणि नकाब, दोन्ही इंग्रजी डिक्शनरीत गेलेत.

कोडेग्रस्त
सगळ्यांचे आभार, एक्सेलवालं जमलं, भारी आहे. ग्रुपवर हायड्रॉक्सिझिन टाकलं तर काका म्हणतात औषधाचं नाव म्हणजे विशेषनाम, बाद! ऑक्सिजनाइजवर अजून काही बोलले नाहीत, बहुतेक डिक्शनरी काढून बसलेत.

गोळीवाली
विशेषनाम कसं? विशेषनाम असतं ते ब्रँडचं, अ‍ॅटरॅक्स वगैरे, हे औषधाचं जेनेरिक नाव आहे, कुठलीही कंपनी असली तरी तेच राहतं, पॅरासिटामॉलसारखं. त्यांना स्ट्रिपचा फोटो पाठवा, ब्रँडच्या नावाबरोबर हायड्रॉक्सिझिन हायड्रोक्लोराइड टॅब्लेट्स छापलेलं असतं, आणि विचारा पॅरासिटामॉल बाद करणार का.