रूट कॅनल झालं की कॅप बसवायलाच हवी का?

धागाकर्ती: माझ्या पुढच्या दाताचं रूट कॅनल झालं. डॉक्टर म्हणतात, मागच्या बाजूला छोटंसं छिद्र आहे, फिलिंग पुरेल. घरचे मात्र कॅपसाठी मागे लागलेत. माझं म्हणणं, कारण नसताना दात तासू नये. कॅपसाठी तो सगळ्या बाजूंनी तासतात, चावायच्या भागावर तर दीड-दोन मिलिमीटरपर्यंत. गेलेलं एनॅमल परत येत नाही.

खवचट: असहमत. नस काढली की दात ठिसूळ होतो. मेहुण्यांनी दाढेला नुसतं फिलिंग ठेवलं, 'कॅपचं बघू पुढे' म्हणत राहिले. जेवताना कट्‌ आवाज झाला आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली. काढावीच लागली.

पांढरा_कोट: मी दंतवैद्य आहे. नस काढल्याने दात वाळून ठिसूळ होतो, हा समज जुना. दात कमकुवत होतो तो भिंती गेल्यामुळे: आधी कीड, मग जुनं फिलिंग, मग नसेपर्यंत पाडलेली वाट. दाढेवर चावण्याचा जोर थेट येतो आणि उरलेली टोकं फाकतात. कॅप त्यांना वरून बांधून ठेवते. म्हणून रूट कॅनल झालेल्या दाढा-उपदाढांना बहुतेक वेळा कॅप लागतेच, मेहुण्यांची केस त्यातलीच. पुढचा दात शाबूत असेल तर फिलिंगवर चालतो.

उगाच_शंका: पण हल्ली दातावर रेष दिसली तरी कॅप सांगतात! जिवंत दात तासला तर कधीकधी नस दुखावून नंतर रूट कॅनलच करावं लागतं, हे आधी कोणी बोलत नाही.

पांढरा_कोट: मुद्दा रास्त. बारीक रेषा बऱ्याच जणांच्या दातांवर असतात, त्या नुसत्या बघत राहायच्या. चावून सोडताना कळ येत असेल तर मात्र भेग असू शकते, तेव्हा टाळाटाळ नको. आणि दोन भिंती धड असतील तर ऑनलेबद्दल, म्हणजे पूर्ण दाताऐवजी फक्त चावायचा भाग झाकणाऱ्या अर्धवट कॅपबद्दल, विचारा, तासणं कमी होतं.

खवचट: पुढच्या दाताचं मान्य. दाढेबाबत माघार नाही.

उगाच_शंका: घ्या कॅप, पण खाली कीड लागत नाही या भ्रमात राहू नका. हिरडीलगतच्या कडेला लागू शकते.

पांढरा_कोट: धागाकर्ती, त्या दाताला आधीचं फिलिंग होतं का?

धागाकर्ती: हो, दोन्ही बाजूंना. एक बरंच मोठं.

पांढरा_कोट: मग डॉक्टरांना एक्सरे दाखवून पुन्हा विचारा. घरचे बरोबर ठरू शकतात.