पाणथळीवरचा एक दिवस: पक्षी-छायाचित्रणाचे अनुभव

गोव्यातील पाणथळ जागी कॅमेरा घेऊन घालवलेल्या एखाद्या दिवसाविषयी येथे लिहावे, ही विनंती. जमलेल्या छायाचित्रापेक्षा हुकलेले का हुकले, हे वाचायला मला अधिक आवडेल. म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करतो.

रायबंदरहून सकाळच्या फेरीबोटीने मी चोडणला उतरलो. येथील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे दोन तासांत सारे आटोपेल असे मी गृहीत धरले होते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहण्याचे मात्र सुचले नाही. भरतीमुळे चिखलाचे पट्टे पाण्याखाली होते आणि तेथे चरायला येणाऱ्या तुतवार पक्ष्यांचा पत्ता नव्हता. होडीवाल्याने खारफुटीच्या सावलीत होडी थांबवली आणि "मात्शें रावात" (जरा थांबा) एवढेच म्हटले. पाणी उतरू लागले, तसे चिखलातून निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारू लागल्या आणि काळ्या टोपीचा खंड्या माझ्यापासून अवघ्या तीन-चार मीटरांवरच्या मुळावर येऊन बसला. त्याची लालभडक चोच नीट टिपली गेली. गळ्याचा पांढरा भाग मात्र उन्हात पार उजळून गेला, कारण एक्स्पोजर कमी करायचे मी विसरलो होतो.

करमळीहून आलेले उत्तर: माझी फजिती वेगळीच आहे. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यासाठी मी डिसेंबरात करमळीच्या तळ्यावर सलग तीन सकाळी बसलो. अडई बदकांचे थवे शिट्या घालत डोक्यावरून गेले, जांभळ्या पाणकोंबड्या समोर चरत राहिल्या, पण शेपटीवाला काही दिसेना. तो पानांवरून चालत समोरच होता, हे घरी छायाचित्रे मोठी करून पाहताना कळले! ती शेपटी विणीच्या हंगामापुरती असते आणि तो हंगाम पावसाळ्यातला. हिवाळ्यात ती गळालेली असते. पुढच्या जुलैत, छत्री एका हाताने सावरत, ते छायाचित्र मिळाले. कडा किंचित अस्पष्ट आहेत, पण शेपटी पूर्ण आहे.

कुडचड्याहून आलेले उत्तर: नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आल्यापासून विचारणा वाढली आहे, म्हणून थोडेच लिहितो. तळे ४२ हेक्टरांचे असून पावसाचे पाणी दारे बंद करून साठवतात आणि पुढे भातशेतीला देतात. पक्षी कोठे बसतील, हे त्या पाण्याच्या पातळीवर ठरते. तेव्हा जाण्यापूर्वी पाणी किती आहे, ते तेथल्या शेतकऱ्यांना विचारावे. मी विचारले नव्हते, आणि दिवसभरात एकच गायबगळा घेऊन परतलो.