आयते उत्तर कोणाला, शिकवणी कोणाला?

मूळ लेख
कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ज्ञान सर्वांना सारखेच खुले होईल, हे मला पटत नाही. २०२३ साली तुर्कस्तानातील एका मोठ्या शाळेत नववी ते अकरावीच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. ज्यांना विचारलेल्या प्रश्नाचे थेट उत्तर लिहून देणारा साधा चॅटबॉट दिला, त्यांची सरावातील कामगिरी इतरांपेक्षा ४८ टक्के सरस ठरली. मदत काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा मात्र ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्याहून ते १७ टक्के मागे पडले. त्याहून गंभीर म्हणजे, आपण कमी शिकलो हे त्यांना जाणवलेही नाही. घरी अभ्यास घेणारे कोणी असेल, तर मुलाची ही फसगत वेळीच ध्यानात येईल. ज्याचे आईवडील शाळेची पायरी चढलेले नाहीत, त्याला ती निकालाच्या दिवशीच कळेल.

प्रतिसाद १
असहमत. त्याच प्रयोगातील दुसऱ्या गटाविषयी आपण लिहिलेले नाही. त्या गटाच्या चॅटबॉटला थेट उत्तर न देता, शिक्षकांनी लिहून दिलेल्या टिपांच्या आधारे पुढच्या पायरीचा इशारा द्यायला सांगितले होते, आणि तो गट परीक्षेत मागे पडला नाही. २०२४ मध्ये नायजेरियातील बेनिन सिटी येथे जागतिक बँकेने शाळेनंतरचे सहा आठवड्यांचे वर्ग चालवले; तिथे चॅटबॉटच्या मदतीने शिकलेली मुले इंग्रजीत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली, आणि आधी मुलग्यांच्या मागे असलेल्या मुलींना तर अधिकच लाभ झाला. शिकवणी न परवडणाऱ्या मुलाला हे साधन नाकारणे मला अन्यायाचे वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर
आपले दोन्ही दाखले माझ्याच मुद्द्याला बळ देतात. बेनिन सिटीमध्ये शिक्षक वर्गात हजर राहून मुलांना मार्गदर्शन करत होते. तुर्कस्तानातील तो दुसरा गट सरावात १२७ टक्के सरस ठरूनही परीक्षेत चॅटबॉट न मिळालेल्यांच्या बरोबरीनेच राहिला. म्हणजे नुकसान टळले, फायदा दिसला नाही. मोफत मिळणारा चॅटबॉट विचारताच उत्तर देतो, आणि गरीब मुलाच्या हाती तोच पडणार आहे.

प्रतिसाद २
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. मुलाच्या हाती साधन द्यावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही, कारण घरातल्या मोबाइलवर ते आलेले आहे. मराठी माध्यमाच्या पुस्तकातील प्रत्येक धड्यासाठी, मुले नेमकी कुठे अडतात हे जाणणाऱ्या शिक्षकांकडून तुर्कस्तानातल्यासारखे पुढच्या पायरीचे इशारे बालभारतीने लिहून घ्यावेत आणि ते विनामूल्य द्यावेत. हे काम खाजगी शिकवण्यांवर सोडले, तर मूळ लेखातील भीती खरी ठरेल.