डॉ. किंग यांच्या आधी माँटगोमेरीत पत्रकं कोणी छापली?

रानजाई

'अमेरिका घडवणारे नेते' या धाग्यावर ठाकठोक यांनी काल ठणकावून लिहिलं, की कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांची वाणी आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही, बाकी सगळी गर्दी. वाचून डोकं तापलं, म्हणून हा वेगळा धागा.

या गर्दीतली एकच बाई घ्या. जो अ‍ॅन रॉबिन्सन. माँटगोमेरीच्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. १ डिसेंबर १९५५, गुरुवारी संध्याकाळी रोझा पार्क्सना अटक झाली, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून. कळल्यावर रॉबिन्सन रात्रीच कॉलेजात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी हाताशी घेतले, स्टेन्सिल कापली आणि रात्रभर मिमिओग्राफ, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणारं यंत्र, चालवला. एका कागदावर तोच मजकूर तीनदा, म्हणजे कागद कापला की तीन पत्रकं. आणखी एका बाईला अटक झाली आहे, सोमवारी बसमध्ये चढू नका, हा मजकूर. शुक्रवारी विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी ती हजारो पत्रकं गावभर पोचवली. कॉलेज सरकारी, उघडकीला आलं असतं तर नोकरी धोक्यात.

आणि हे एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. याच बाईंनी २१ मे १९५४ ला महापौर गेल यांना पत्र लिहून बजावलं होतं की बसमधली वागणूक सुधारा, नाहीतर बहिष्कार होईल. किंग तेव्हा त्या गावात राहायलाही आले नव्हते.

५ डिसेंबरला सोमवारी सकाळी बस जवळपास रिकाम्या धावल्या. बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेचे किंग अध्यक्ष झाले ते त्या दिवशी दुपारी. आधी बहिष्कार, मग नेता. हा क्रम कोणी सांगत नाही याची मला चीड आहे.

ठाकठोक

पत्रकं छापली, मान्य. पण एका सोमवारचा बहिष्कार ३८१ दिवस टिकवला कोणी? १९५३ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजलाही कृष्णवर्णीयांनी बस सोडल्या होत्या, मोफत गाड्यांची सोयही केली होती. आठवड्याभरात तडजोड झाली आणि विषय संपला. माँटगोमेरीत तसं झालं नाही.

३० जानेवारी १९५६ ची रात्र आठवा. किंग यांच्या घरावर बाँब पडला, आत बायको आणि तान्ही मुलगी. बाहेर लोक जमले, काहींच्या हातात शस्त्रं. त्या ओसरीवर उभं राहून किंग यांनी सगळ्यांना शांतपणे घरी पाठवलं. त्या रात्री एक गोळी सुटली असती तर चळवळ तिथेच चिरडली गेली असती. हे काम पत्रक करू शकत नाही.

आणि जॉन्सन. १९६४ चं नागरी हक्कांचं विधेयक दक्षिणेच्या सिनेटरांनी आठवडेच्या आठवडे रोखून धरलं होतं. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती कोंडी फुटली. एकेक मत कसं मिळवायचं हे ज्याला कळतं असा माणूस तिथे लागतो. मी कामगार संघटनेत उमेदीची वर्षं घालवली आहेत. सभेला हजार माणसं आणता येतात, पण टेबलावर बसून सही घेणारा नसेल तर ती हजार माणसं हात हलवत घरी जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिखटमीठ

ठाकठोक, बसमधला भेदभाव कायद्याने संपला तो कोणाच्या नावाने, ते बघा. ब्राउडर विरुद्ध गेल हा खटला. तो लढणाऱ्या कोण? ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, क्लॉडेट कोल्विन, मेरी लुइझ स्मिथ. चारही बायका. यातली कोल्विन १५ वर्षांची होती, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला तिने जागा सोडायला नकार दिला. नेतेमंडळींना ती 'चेहरा' म्हणून पसंत पडली नाही.

१९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातही तेच. मुख्य वक्त्यांत एकही बाई नाही. चळवळीतल्या कार्यकर्त्या डेझी बेट्सना काही क्षण बोलायला मिळालं. राबायला बायका, मंचावर पुरुष. माझी आई आयुष्यभर एका पक्षाच्या प्रचारात पत्रकं वाटत फिरली, तिला कधी साधी खुर्ची मिळाली नाही. त्यामुळे 'गर्दी' हा शब्द मला सहन होत नाही.

जुनाखोड

जॉन्सन यांची एकच बाजू नको. २२ ऑगस्ट १९६४ ला अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात फॅनी लू हेमर साक्ष देत होत्या. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात राबलेली बाई. मतदार नोंदणीला गेल्या म्हणून मळ्यावरून हाकललं, पुढे तुरुंगात बेदम मारलं. साक्ष चालू असतानाच जॉन्सन यांनी अचानक पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे आपल्याकडे वळवण्यासाठी.

तरीही मी त्या माणसाचा ऋणी आहे. ३ ऑक्टोबर १९६५ ला त्यांनीच नवा स्थलांतर कायदा केला. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १००. अख्ख्या देशाला शंभर! आज न्यू जर्सीत गणपती बसवणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांची वाट त्या कायद्याने उघडली, आणि नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची हवा बदलली नसती तर तो कायदा झाला नसता.

बे_एरियावाला

हे मात्र अति झालं. माझे वडील १९७१ मध्ये खिशात आठ डॉलर घेऊन आले. इंजिनिअरिंगची पदवी आणि स्वतःची अक्कल, एवढंच भांडवल. कोणाच्या मोर्च्यामुळे नाही आले. त्या कायद्यामागे शीतयुद्ध होतं, इटालियन आणि ग्रीक लोकांचा जुना कोट्यावरचा राग होता. त्याचा माँटगोमेरीच्या बसशी संबंध जोडणं ओढूनताणून आहे. आम्ही कष्टाने कमावलं, त्याचं श्रेय दुसऱ्याला का?

तिखटमीठ

तुमच्या वडिलांची हीच पदवी आणि हीच अक्कल १९५५ मध्ये असती, तर ते त्या शंभरांच्या रांगेत उभे राहिले असते. कष्ट तेवढेच, दार बंद.

आणि १९२३ चा भगतसिंग थिंड यांचा अमेरिकन नागरिकत्वाचा खटला वाचा. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, असा त्यांचा दावा. सुप्रीम कोर्टाने फेटाळला. वरच्या जातीचा आधार घेऊन गोऱ्यांच्या पंगतीत बसायची धडपड आपल्या लोकांत अजून आहे. वीकेंडच्या पार्ट्यांत कृष्णवर्णीयांबद्दल जे बोललं जातं ते ऐकून मी ताटावरून उठून आले आहे.

बे_एरियावाला

माझ्या घरात काय बोलतात ते तुम्हाला माहीत नाही. जातीचा विषय नव्हता, तो तुम्ही घुसडलात. शीतयुद्धाच्या मुद्द्याला उत्तर नाही म्हणून हा वैयक्तिक हल्ला.

जुनाखोड

शीतयुद्धाचा मुद्दा खोटा नाही, तेवढं देतो. पण स्वातंत्र्याच्या गोष्टी जगाला सांगणारा देश घरात काय करतो, हे जगाला दिसलं कोणामुळे? १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला मोर्चातल्या पोरांवर पोलिसांनी सोडलेल्या कुत्र्यांचे फोटो जगभर छापून आले म्हणूनच ना?

आता घरचं सांगतो. १९७० मध्ये शिकागोत मला आणि बायकोला भाड्याने जागा मिळेना. फोनवर 'या', दारात गेलं की 'आत्ताच गेली'. शेवटी एका कृष्णवर्णीय बाईंनी वरचा मजला दिला. त्यांनीच सांगितलं की घर नाकारणं आता बेकायदा आहे, तक्रार करा. तो कायदा ११ एप्रिल १९६८ चा. किंग यांचा खून होऊन आठवडा झाला होता. आठ डॉलर खिशात असोत की ऐंशी, छप्पर त्या कायद्याच्या आणि त्या बाईंच्या जोरावर मिळालं.

बे_एरियावाला

तुमचा अनुभव म्हणजे पुरावा नाही.

तिखटमीठ

आणि वडिलांचे आठ डॉलर?

ठाकठोक

स्थलांतराचं भांडण दुसरीकडे न्या, मूळ मुद्दा राहिला बाजूला. रॉबिन्सन यांचं काम एवढं तपशिलात मी वाचलं नव्हतं. 'गर्दी' हा शब्द त्यांच्यापुरता मागे. पण किंग नसते तर ती पत्रकं आज कोणाला आठवली असती?

रानजाई

'त्यांच्यापुरता' नको. जॉर्जिया गिल्मोर धरा. खाणावळीत स्वयंपाक करायच्या. किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून नोकरी गेली. मग घरी चिकन तळून, सँडविच आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) करून विकले, आणि पैसे बहिष्काराच्या गाड्यांच्या पेट्रोलला दिले. गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे देणाऱ्या बाईचा पत्ता लागून तिची नोकरी जायला नको. तुमचे ३८१ दिवस या पैशावर चालले. ओसरीवर उभे राहिलेले किंग मला नाकारायचेच नाहीत. ते एकटे उभे होते असं सांगू नका एवढंच म्हणणं आहे. खुद्द किंग यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की बहिष्काराच्या प्रत्येक पातळीवर रॉबिन्सन कदाचित इतर कोणाहीपेक्षा जास्त राबल्या.

ठाकठोक

किंग यांनी ते लिहून ठेवलं हे त्यांचं मोठेपण, आणि मी याच मोठेपणाबद्दल बोलतोय. गिल्मोर यांच्याबद्दल आणखी असेल तर टाका, वाचेन. जॉन्सन यांच्याबाबत मात्र एक अक्षर मागे घेणार नाही. ती ७१ मतं आणायला तोच माणूस लागत होता.