मदत हवी आहे: साहित्य घेऊ की अनुवाद? शुक्रवारपर्यंत सांगायचंय

मुगाची_खिचडी
तिसऱ्या वर्षाचा स्पेशल विषय शुक्रवारी भरून द्यायचाय. साहित्य की अनुवाद, एवढंच सांगा. बी १ च्या परीक्षेला चारही मोड्यूलमध्ये ८० च्या वर आहेत. पण परवा वर्गात गोष्टीचं पहिलं पान उघडलं आणि पाऊण तास एकाच वाक्यात गेला. सगळे शब्द शोधले तरी अर्थ लागेना. मैत्रिणी म्हणतात, इंग्रजीत वाच आणि पेपर लिही. लवकर सांगा प्लीज. लेक्चर नको.

टेकडीवरचा
भाषा कुठली? गोष्ट कुठली? पेपर कुठल्या भाषेत लिहायचा?

निहोन्गो_नित्या
जपानी घे. एन ३ परीक्षा झाली की कंपन्या विचारायला लागतात. साहित्य-बिहित्य नंतर.

मुगाची_खिचडी
अहो, तिसऱ्या वर्षाला जपानी कुठून घेऊ? जर्मन आहे. मोड्यूल म्हटलं की कळतं ना.

टेकडीवरचा
आम्ही ज्योतिषी नाही.

कोथरूडकर_काका
मी १९८६ साली पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मनचं संध्याकाळचं सर्टिफिकेट केलं होतं. ऑफिस सुटलं की सायकलवर थेट वर्ग. मराठी माणसाला जर्मन सोपी जाते, आपल्याकडेही तीन लिंगं आहेतच. रोज वीस शब्द पाठ करा, काही अडत नाही.

टेकडीवरचा
सोपी कसली काका? चंद्र तिकडेही पुल्लिंगी 'देअर', पण सूर्य स्त्रीलिंगी 'डी'. आणि मुलगी नपुंसकलिंगी 'दास'! लिंगं तीन आहेत म्हणून जुळतात थोडीच.

कोथरूडकर_काका
आपणही 'ते पोरगं' म्हणतोच की.

राईनकाठी
जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते आत्तापासून बघून ठेवा. व्हिसाची अपॉइंटमेंटही लवकर घ्या.

मुगाची_खिचडी
मी जर्मनीला जातेय असं कुठे म्हटलं?? विषय कुठला घेऊ ते सांगा ना कोणीतरी.

शब्दवेल
ते वाक्य कुठलं, ते आधी सांग.

मुगाची_खिचडी
काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस'चं पहिलंच. ग्रेगोर झाम्झा सकाळी उठतो आणि किडा झालेला असतो ते. 'उन्गेत्सीफर'ला डिक्शनरीत 'उपद्रवी किडे' असं काहीतरी दिलंय. पण तो तर एकटाच आहे!

शब्दवेल
अगं, तू शब्द शोधलेस पण क्रियापदाकडे बघितलंच नाहीस. स्वल्पविरामापर्यंतचा तुकडा घे. सुरुवातीला 'आल्स' (जेव्हा), शेवटी 'एरवाख्टे' (जागा झाला). 'ग्रेगोर झाम्झा एके सकाळी अस्वस्थ स्वप्नांतून जागा झाला तेव्हा'. 'आल्स' तेवढं मागे नेलंस की बाकी क्रम मराठीचाच. पुढच्या तुकड्यात 'फांड' (सापडला) सुरुवातीलाच येतं आणि 'फेरवांडेल्ट' (पालटलेला) पार शेवटी. मधलं सगळं त्या दोघांत अडकलंय. तो बिछान्यात स्वतःला कशात तरी पालटलेला सापडतो, आणि तसा पालटलाय हे आपल्याला अगदी शेवटच्या शब्दाला कळतं. इंग्रजीत वाचून पेपर लिहिलास तर ही गंमत हातची जाईल.

आणि काफ्का ही काही सुरुवात नव्हे. आधी बोर्शर्टची 'दास ब्रोट' (पाव) ही गोष्ट वाच. दोनेक पानांची आहे, युद्धानंतरच्या उपासमारीतलं म्हातारं जोडपं, आखूड वाक्यं. बी १ वाल्याला झेपते.

आता उन्गेत्सीफर. त्यात उवा, ढेकूण, उंदीर सगळे येतात. मराठीत काय म्हणशील?

कोथरूडकर_काका
झुरळ. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

शब्दवेल
झुरळ नको हो काका. १९१५ मध्ये काफ्काने प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. तुम्ही तर थेट नावच ठेवताय.

टेकडीवरचा
'जित्राब' कसं वाटतं? नपुंसकलिंगीही आहे, 'दास'ला जुळतं.

माणदेशी_मी
आमच्याकडं जित्राब म्हणजे म्हस, बैल. ग्रेगोर काय गोठ्यात उठला व्हय?

टेकडीवरचा
मुळात 'उन्गेत्सीफर' हा शब्द बळी द्यायला न चालणाऱ्या जनावरासाठी होता असं सांगतात. म्हणजे गोठा अगदीच लांब नाही.

निहोन्गो_नित्या
'किडूकमिडूक'?

माणदेशी_मी
ते आमच्या आज्जीच्या ट्रंकंत असायचं. बोरमाळ आन् डोरलं.

राईनकाठी
धागा भरकटला. धागालेखिकेने शहर सांगितलंच नाही.

मुगाची_खिचडी
पुणे. आणि माझी चूक झाली, 'गोष्टीचं पान' म्हणजे तुम्हाला काय कळणार होतं.

@शब्दवेल, काल रात्री 'दास ब्रोट' वाचली. डिक्शनरी अकरा वेळा उघडली, पण संपली. म्हातारा रात्री उठून चोरून पाव कापून खातो, आणि टेबलावरच्या चादरीवर चुरा राहतो. बाईला सगळं कळतं आणि ती काहीच बोलत नाही. मग पहाटेपर्यंत उन्गेत्सीफरला शब्द शोधत बसले. वहीत आत्तापर्यंत किडा, किडं, घाण, वळवळ, बला. 'घाण'वर फुली मारलीय.

अनुवादावर टिक केलंय. 'बला' चालेल का? पण ती स्त्रीलिंगी.

शब्दवेल
चालू दे. सोमवारी परत बघ.

कोथरूडकर_काका
मी अजूनही झुरळच म्हणेन.